आतलं सारवण

धान्याची कणगी लिंपायची तर आधी माती ओळखता आली पाहिजे. काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, पण वाळली की चिरते. गावठाणातली पांढरी माती घ्यावी. पडक्या भिंतीची मिळाली तर आणखी बरी, ती आधीच मुरलेली असते. तिच्यात शेण, बाजरीचा भुसा आणि ओंजळभर राख. सगळं पायानं तुडवून ओल्या पोत्याखाली आठ दिवस कुजू द्यायचं. आंबूस वास सुटला की माल तयार झाला म्हणायचं. मग तो तुरीच्या वाळक्या तुराट्यांच्या विणीवर थापायचा आणि तो सुकत आला की वरून पातळ शेणकाल्याचा हात फिरवायचा. त्या हाताची चार बोटं मातीत उमटून राहतात, चंद्रकोरींसारखी, एकावर एक चढलेली. गावातली कोणतीही जाणती बाई ती बोटं बघून सांगते, हात कोणाचा.

भिवराबाईचा हात चकलांब्याच्या पंचक्रोशीत माहीत होता. पंचेचाळिशीची बाई, हळू बोलणारी. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तिनं लग्नापासून तोंडात घास घातला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळातही तो नेम चालू होता. घागरीऐवजी पेला, पेल्याऐवजी अर्धा पेला, एवढाच काय तो फरक.

त्या साली बाजरी कणसात आलीच नाही. लोक खडी फोडायला जायचे, सरकारी सुकडीवर आणि लाल मिलो ज्वारीवर दिवस काढायचे. घराघरात मागच्या साली राखून ठेवलेलं थोडं थोडं बियाणं होतं आणि तेही जात्यात जायला लागलं होतं. तेव्हा सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांनी पारावर सगळ्यांना बसवून ठरवलं, उरलेलं सगळं बी एका जागी, सोसायटीच्या गोदामात ठेवायचं. एकच मोठी कणगी. मिरग लागेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. बी राहिलं तर गाव राहील.

भिवराबाईचं त्यात सगळ्यांपेक्षा जास्त अडकलेलं होतं. तिचा मुलगा आश्रुबा बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला होता. गाडीत चढताना म्हणाला होता, “माय, पेरायला काही राहिलं तर मिरगाला येतो. न्हाई तर तिकडंच कुठं तरी बघतो. इथं येऊन काय माती खायची?”

म्हणून कणगी लिंपायचं काम तिनं आपण होऊन मागून घेतलं. बरोबर तिची धाकटी जाऊ चतुराबाई.

माल आठ दिवस मुरला होता. तो सैल करायला, थापायला आणि शेणकाल्याला पाणी लागणार होतं सात घागरी. मोहनरावांनी दिल्या चार. त्यातच भिवराबाई चुकली.

कणगी आधी आतून लिंपतात. बाई आत उतरते, खालून वर लिंपत येते आणि मग बाहेर निघते. आत बी असतं, दाणे पोखरणाऱ्या पोरकिड्यांपासून राखायचं असतं ते आतूनच. हे भिवराबाईला कळत नव्हतं असं नाही. पण चार घागरीत एकच अंग होणार होतं आणि बाहेरचं अंग गाव बघणार होतं. तिनं बाहेरून सुरुवात केली.

“अक्का, आतून कधी गं?” चतुराबाईनं दोनदा विचारलं.

“पाणी मागून आणू उद्या.”

पण उद्या आलाच नाही. त्याच संध्याकाळी पोती खांद्यावर घेऊन माणसं गोदामाच्या दारात उभी राहिली. सकाळी सगळ्यांना पाझर तलावाच्या कामावर जायचं होतं. मोहनरावांनी कणगीवरून हात फिरवला. बोटांच्या कोरी बघून त्यांचा चेहरा खुलला.

“लई देखणं केलंय, भिवराबाई. दोन्ही अंगांनी झालं न्हवं?”

आत अंधार होता. उघड्या तुराट्या कोणाला दिसत नव्हत्या. भिवराबाईनं पदर सारखा केला आणि तिच्या तोंडून “हो” निघून गेलं.

पोती रिकामी झाली. राख आणि लिंबाचा पाला वरून पसरला. झाकण बसवून त्याची कड तिनंच उरलेल्या मालानं लिंपून घेतली. घरी आल्यावर चतुराबाई एवढंच म्हणाली, “आयुष्यात एकदा खोटं बोललीस, ते बी सगळ्या गावाच्या बियाण्यावर.”

दुसऱ्या दिवसापासून भिवराबाईनं एक नेम वाढवला. टँकरचं पाणी घरटी दोन घागरी मिळायचं. त्यातला आपल्या पिण्यातला एक पेला ती सकाळी गोदामात न्यायची, कणगीच्या पायाशी मातीच्या पसरट परळात ओतायची आणि हात जोडायची. काय मागायचं ते नीट सुचायचं नाही. “देवा, माझ्यानं राहिलं ते तू सांभाळ,” एवढंच पुटपुटायची. मग कणगीभोवती फिरून भेग पडली आहे का ते बघायची.

दुसऱ्या दिवशी परळ कोरडा असायचा. वर पत्रे होते, फाल्गुनातलं ऊन. आटत असेल, असं तिला वाटलं. मग वाटलं, सेक्रेटरी धोंडीराम पीत असेल. गोदामाची किल्ली त्याच्याकडंच असायची.

“मी तुमच्या नेमाचं पाणी पेईन व्हय, मावशी?” धोंडीराम दुखावला. “तहान हाय मला, पर एवढी न्हाई.”

चैत्र लागला. गावातल्या विहिरीच्या तळाला पोरांनी विटीदांडूचा डाव मांडला होता. एका सकाळी गोदामाचं दार उघडून धोंडीराम उंबऱ्यातच थांबला. नाक वर करून हुंगत राहिला.

“परत सारवलंत का काय?”

“न्हाई रे बाबा. कशानं सारवू?”

“मग हा वास कशाचा?”

भिवराबाईलाही तो आला. ओल्या मातीचा, शेणाचा, आंबूस. आठ दिवस कुजलेल्या मालाचा. जमीन धुळीनं भरलेली होती. कणगीचं बाहेरचं अंग वाळून पांढरट पडलं होतं. तिनं तळहात टेकवला. पत्र्याखाली अंगाची काहिली होत होती आणि कणगी गार होती, माठासारखी.

ती धोंडीरामला काही बोलली नाही. चतुराबाईला बोलली.

“गार लागायला काय झालं? जाड लिंपलीस,” चतुराबाई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरून सुट्टी झाल्यावर ती स्वतःच म्हणाली, “चल, बघून येऊ.”

दुपार टळटळीत होती. बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं. धोंडीरामनं दार उघडून दिलं आणि तो लिंबाखाली जाऊन पडला. दोघी कणगीजवळ उभ्या राहिल्या. बराच वेळ काहीच नाही. मग भिवराबाईनं कान लावला.

सर्र.

थोडं थांबून, सर्र.

“उंदीर हाय,” चतुराबाई कुजबुजली.

“उंदीर असा ठेक्यात चालतो का गं?”

चतुराबाईनंही कान लावला. तिनं सारवणाचा आवाज जन्मभर ऐकला होता. एक हात फिरतो, मग तो काल्यात बुडायला जातो, मग पुन्हा फिरतो. मधली ती उसंत बरोबर तेवढीच होती. आणि हात वरच्या बाजूला जाताना, अगदी बारीक, काकणं वाजली.

चतुराबाईनं भिवराबाईचं मनगट धरलं. दोघी बाहेर आल्या. धोंडीरामनं डोळे किलकिले करून विचारलं, “काय झालं? किडे लागले का काय?”

“न्हाई,” भिवराबाई म्हणाली. “दार नीट लाव.”

रात्रभर चतुराबाईनं तिच्यामागं भुणभुण लावली. “चेअरमनला सांग. कणगी उघडून बघू दे. आत काय हाय, कोण हाय, देवाला ठावं.”

“उघडली की लोक वाटून घेतील. खातील. तू तरी राहशील का न खाता?”

चतुराबाईला ते खोटं म्हणता आलं नाही.

तसंच व्हायची वेळ वैशाखात आली. मिलोची गाडी दहा दिवस आली नाही. पारावर गलका झाला. बंकट नावाचा तिरसट माणूस उठून म्हणाला, “बी बी करत माणसं मारता का बे? फोडा कणगी!” मोहनरावांनी त्याला अडवलं नाही. त्यांच्याही घरात लेकरं होती. सगळ्यांनी भिवराबाईकडं बघितलं, कारण कणगी तिच्या हातची होती.

तिला एक वाट दिसत होती. आत्ता उघडली तर पोरकिडे लागले असतील ते थोडेच लागले असतील. वाटून घ्यायच्या घाईत आत कोण बघतं, तिचं खोटं कोणाला कळणार नाही. ती उभी राहिली. आवाज इतका हळू निघाला की पुढच्यांनी मागच्यांना गप्प केलं.

“मिरगाशिवाय न्हाई. तोवर माझ्या वाट्याची सुकडी बंकटच्या लेकरांना द्या.”

बंकट खाली बसला. “तुमची सुकडी काय करू, काकू,” असं काहीतरी तो बोलला आणि मान घालून राहिला. चौथ्या दिवशी गाडी आली.

मृग वेळेवर लागला. जमीन दोन वेळा चांगली भिजली आणि आश्रुबा बायकोसह परतला. काळवंडलेला, हाडं वर आलेला, पण आला. ज्या सकाळी कणगी उघडायची ठरली, तेव्हा तो रिकामं पोतं घेऊन रांगेत उभा होता. भिवराबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. तिला बघवत नव्हतं.

धोंडीरामनं विळ्यानं झाकणाची कड खरवडली. झाकण हललं नाही. त्यानं जोर लावला.

“आतून धरलंय जणू,” तो हसत म्हणाला.

कट्‌ असा आवाज होऊन झाकण निघालं. ते उलटं धरून त्यानं मोहनरावांना दाखवलं.

झाकणाचं आतलं अंग सारवलेलं होतं.

“बघा!” मोहनराव सगळ्यांना म्हणाले. “झाकणाला बी आतून हात मारलाय. याला म्हणायचं काम!”

चतुराबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. भिवराबाई पुढं झाली. झाकणाच्या आतल्या कडेला माल सांध्यावरून ओढून घेतलेला होता. झाकण बसल्यावर आतून बुजवला तरच तो तसा बसतो.

धोंडीरामनं मूठभर बाजरी काढून एक दाणा दातांखाली फोडला. “खणखणीत! एक किडा न्हाई!” गोदामात एकच कालवा झाला. पायल्या भरू लागल्या, पोती फुगू लागली. बी खाली जात गेलं तशी आतली भिंत उघडी पडत गेली. बोटांच्या कोरी, सारख्या, दाट, तळापर्यंत. ओल्या मालाला दाणे चिकटतात. या भिंतीत एकही बाजरीचा दाणा रुतलेला नव्हता.

भिवराबाईनं वाकून बघितलं. गावातला प्रत्येक हात तिला ठाऊक होता. मेलेल्या बायांचेसुद्धा, जुन्या घरांत बघितलेले. हा त्यांतला नव्हता. बोटं लांब होती आणि करंगळीची रेघ सगळ्यांत खोल.

“चेअरमन,” ती म्हणाली, “आतला हात माझा न्हाई.”

“मग काय जावंचा?” मोहनराव हसले.

“तिचाबी न्हाई. मी तुमाला खोटं सांगितलं व्हतं. आतून आमी लिंपलीच नव्हती. पाणी नव्हतं.”

पायली हातात धरून धोंडीराम थांबला. मोहनरावांनी एकदा तिच्याकडं, एकदा कणगीत बघितलं. मग ते हळूच म्हणाले, “बी वाचलंय ना, भिवराबाई? कोणी राखलं ते विचारायची आपली ताकद न्हाई. पुढचं पोतं आणा रे.”

आश्रुबाचं पोतं भरलं. ते खांद्यावर घेताना त्यानं आईच्या पायाला हात लावला. “तिफण दुरुस्त करायची हाय,” एवढंच बोलून तो वाटेला लागला. भिवराबाईला सहा महिन्यांत पहिल्यांदा रडू आलं.

सगळे गेल्यावर तिनं धोंडीरामला आणि बंकटला सांगून रिकामी कणगी आडवी करून घेतली, तोंड दाराकडं. झाकण बाजूला भिंतीला टेकवून ठेवायला लावलं.

“उन्हात वाळवायची का?” बंकटनं विचारलं.

“न्हाई. मोकळी राहू द्या. कोणाला निघायचं असलं तर निघता यावं.”

बंकट घाईनं बाहेर गेला. धोंडीरामनं कुलूप लावलं.

सकाळी शेतांकडून पेरणीच्या तिफणी हाकणाऱ्यांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. दोघी जावांसमोर दार उघडून धोंडीराम दोन पावलं मागं सरला. गोदामाची जमीन उंबऱ्यापासून कणगीपर्यंत सारवलेली होती. ओली, हिरवट, चमकणारी.

“गेली गं बाई,” चतुराबाईनं हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “जाता जाता जागा सारवून गेली. किती चांगली होती, कोण का असंना.”

भिवराबाई उंबऱ्याशी बसली आणि जमिनीकडं बघत राहिली. सारवणारी बाई पुढं तोंड करून मागं मागं सरकत जाते, म्हणजे तिची पावलं ओल्यात उमटत नाहीत. प्रत्येक नवा हात आधीच्या हातावर थोडा चढतो. घर सारवून बाहेर पडणारीचा शेवटचा हात उंबऱ्याशी असतो आणि तो सगळ्यांच्या वर असतो.

उंबऱ्याजवळचा हात सगळ्यांच्या खाली होता.

त्याच्यावर पुढचा चढला होता, त्याच्यावर त्याच्या पुढचा, ओळीनं, कणगीच्या दिशेनं.

“काय बघतीस अक्का? गेली ना ती?”

भिवराबाईची नजर कणगीपर्यंत पोचली. शेवटचा हात कणगीच्या तोंडाशी होता, अर्धा जमिनीवर, अर्धा कणगीच्या काठावर, आणि त्यावरचं पाणी अजून जिरायचं होतं.