अकरा नंबरचा पाया

“पूनम, पळ! पायाला घाम आलाय!” शंभू माळावरून ओरडत आला.

“कुणाच्या? तुझ्या व्हय?” शाहिस्तानं विचारलं.

“न्हाई गं! पवनचक्कीच्या पायाला! अकरा नंबरच्या!”

२००६ची उन्हाळी सुट्टी होती. निमोण्याच्या माळावर आधी दीड वर्ष एक उंच खांब नुसता वारा मोजत होता. मग मोजणीवाले आले, ट्रेलर चढेल असा रस्ता झाला, अकरा खड्डे खोदले गेले. आता लोखंड बांधून पाये भरणं चाललं होतं. पुढं मनोरे, पाती, तारा आणि शेवटी चाचणी. कंपनीच्या इंजिनियर मोनिका मॅडमनी पोरांना हे सगळं समजावलं होतं. “पाया एका दमात भरायचा. मध्येच थांबलं, तर जुनं-नवं काँक्रीट एकजीव होत नाही,” असंही त्या म्हणाल्या होत्या.

तिघं खड्ड्याशी पोचली. भिजवण्यासाठी पायावर पाणी साठवलं होतं आणि खाली बाजूनं एक ओली रेघ पायाभोवती गोल फिरली होती. पूनमला मॅडमचं बोलणं आठवलं.

“शाहिस्ता, हा पाया भरताना गाड्या थांबल्या हुत्या का गं?”

“व्हय. सोमवारी दुपारी थांबल्या, त्या मंगळवारी सकाळी आल्या. अब्बांनी इचारलं तर हौसराव म्हनला, तू लोखंड बांध, बाकीचं बघू नगंस!”

हौसराव म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर. पोरांनी रेघ दाखवताच त्याचा चेहरा उतरला, मग तो खेकसला, “पानी झिरपतंच! पळा घरी!” आणि जेसीबीवाल्याला हाक मारली, “जेवून घे आन् लगेच खड्ड्यात माती लोट!”

पूनमनं नाक्यावरच्या रुपयाच्या डब्यातून मॅडमना फोन लावला. त्या दौंडला होत्या. यायला दोन तास लागणार होते.

“तवर रेघ मातीखाली जाईल!” शंभू रडकुंडीला आला.

शाहिस्ताचे अब्बा, शेखलालमामा, लोखंड बांधणाऱ्या बारा जणांचे मुकादम होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. “पोरी, तू खरं बोलतीस. पन बारा घरांचं काम जाईल. मी न्हाई बोलू शकत.” शाहिस्ता पूनमचा हात धरून मागं वळली.

मोठ्यांतलं कुणीच येणार नव्हतं. मनोरा पडला तर पायथ्याच्या वस्तीवरच पडणार होता आणि वस्ती पूनमच्या आजोबांची, मेंढपाळ रखमाजी आबांची होती.

“आबा, मेंढरं द्या!” पूनम धापा टाकत म्हणाली.

आबांनी लगेच काठी उचलली. शीळ घातली. सत्तर मेंढरं पाण्याच्या वासानं उतारावरून थेट खड्ड्यात शिरली!

“अरे, हटाओ इनको!” जेसीबीवाला ओरडला.

“कशी हटवू? माझं ऐकत्यात का ती?” शंभू म्हणाला आणि हळूच अजून दोन आत ढकलली.

हौसराव काठी घेऊन खड्ड्याभोवती नाचला. एक मेंढरू बाहेर निघे, तर दोन आत जात. मॅडमची जीप आली तेव्हा तो घामानं निथळत होता आणि रेघ तशीच उघडी होती.

तिसऱ्या दिवशी पायाला भोक पाडून काँक्रीटचा नमुना काढला. तो मॅडमच्या हातात दोन तुकड्यांत आला. हौसरावला काढलं. ठेकेदारालाही काढलं आणि त्याच्याबरोबर शेखलालमामांची बारा माणसंही गेली. अकरावी पवनचक्की कंपनीनं रद्दच केली.

“तू बरोबर केलंस,” शेखलालमामा पूनमला म्हणाले. “जे मी करायचं, ते तू केलंस.” त्याच आठवड्यात ते शाहिस्तासकट बिऱ्हाड घेऊन कारेगावला गेले. रांजणगावच्या कारखान्यात कुठं काम मिळतंय का, ते बघायला.

दिवाळीनंतर दहा पवनचक्क्या फिरू लागल्या. कार्यक्रमात मॅडमनी सत्कारासाठी तीन नावं पुकारली. टाळ्या कडाडल्या. आबांनी फेटा सावरत सगळ्यांना सांगितलं, “माझी वस्ती ह्या पोरांनी वाचवली!”

व्यासपीठावर दोघंच चढली. पूनमनं सत्काराचा तिसरा, शाहिस्ताचा नारळ उचलून काखेत धरला आणि मॅडमना विचारलं, “कारेगावची गाडी किती वाजता हाय?”