उलटी उशी

प्राजक्ता सावंत सिल्वासात मनोरुग्णांची समुपदेशक होती. तिचा एक नियम होता: रोग्याला जे जाणवतं ते आधी त्याच्या जागी बसून पाहायचं, मगच त्याला आजार म्हणायचं. नियम चांगलाच होता. तो कुणाच्या गादीपर्यंत नेईल, एवढं मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गोकुळ शिरपूरकडचा, खडोलीच्या सुताच्या कारखान्यात रात्रपाळीला. अकरा दिवस झोप नाही. यंत्रात जाता जाता हात वाचला, तेव्हा सुपरवायझरने त्याला तिच्याकडे धाडलं. त्याच्या खोलीत गादी एक आणि माणसं दोन. तो सकाळी यायचा तेव्हा दिवसपाळीचा सोबती चिंधा निघून गेलेला असायचा. उठणाऱ्याने जाताना उशी उलटी करून ठेवायची, म्हणजे येणाऱ्याला गार बाजू मिळते, ही त्यांची रीत. दोन महिन्यांपूर्वी चिंधा नोकरी सोडून गावी गेला. तिकडे तो धडधाकट आहे, फोनवर खिदळतो. तरीही गोकुळ कुलूप उघडतो तेव्हा उशी उलटी असते. आणि गादी गरम.

प्राजक्ता सकाळी आठला खोलीवर पोचली. पौषातली थंडी होती. त्या रात्री पाळीवर न जाता, बाहेरून कुलूप लावून गोकुळ ओट्यावर बसून होता. तिने कुलूप काढलं. आत खोबरेल तेलाचा आणि झोपेतल्या अंगाचा वास.

"मॅडम, माले येडा म्हना," तो दारातूनच पुटपुटला. "येडावर गोळी तरी शे... हे खरं निघनं तं मी काय करू?"

तिने गादीवर हात ठेवला. मधे खोलगट झाली होती. गरम होती, नुकतंच कुणी उठून जावं तशी.

"गार आहे, गोकुळभाऊ. एकदम गार."

तो ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला, सुटल्यासारखा. एकाला जाणवलं तर आजार. दोघांना जाणवलं तर त्याला काय म्हणायचं? तिला स्वतःची लाज वाटली, पण भीती त्याहून जास्त वाटली.

तीन आठवड्यांनी गोकुळ आला तो गाल भरलेला, हसरा.

"गादी आता गारच शे, मॅडम. तुम्ही खरंच सांगं व्हतं." मग तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहून तो थबकला. "तुम्ही... झोपतस ना?"

ती कशीबशी हसली.

ती एकटी राहायची. घरात उशी एकच, अभ्र्याच्या एका बाजूला आईने भरलेलं जास्वंदीचं फूल. गेले वीस दिवस सकाळी वर असलेलं फूल संध्याकाळी खाली गेलेलं असायचं, आणि गादी गरम. हे कुणाला सांगणार? ऐकणाराही हात लावून "गार आहे" म्हणेल, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

गोकुळ आला त्या दिवशी सकाळी घरून निघताना तिने पहिल्यांदाच त्याची रीत पाळली होती. उशी स्वतः उलटी करून ठेवली, फूल खाली.

संध्याकाळी कुलूप उघडलं. फूल वर होतं. उशी भिंतीकडे सरकवलेली होती, आणि तिच्या शेजारी, अगदी खेटून, दुसरी एक उशी ठेवलेली होती.