चूलबंद आवतण

शरदचंद्रांच्या कादंबऱ्यांतल्या पिशाचांविषयी साधनाला काही शिकवील असा माणूस अजून जन्माला यायचा होता. लातूरला आठवीत असताना तिनं पांघरुणात टॉर्च धरून त्यांची पहिली रक्तपिपासू कादंबरी संपवली, तेव्हापासूनचा हा नाद. बाळंतपणाची रजा लागली तशी तिनं ठरवूनच टाकलं की सगळ्या कादंबऱ्या पहिल्यापासून ओळीनं वाचून काढायच्या. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात पुस्तक. तिचा नवरा शेखर म्हणायचा, पोरगं पहिला शब्द 'रक्त' म्हणेल बघ. म्हणू दे की, ती म्हणायची, जोडाक्षर तरी येईल.

भरे गावात धोंडाबाईंच्या माडीवर ते भाड्यानं राहत होते. शेखर हिंजवडीला जायचा आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत साधनाला सोबत ती धोंडाबाईंचीच. बाई तोंडानं फटकळ, पण बाळावर जीव टाकायच्या. रोज सकाळी माडी चढून यायच्या, पाय पसरून पोराला घ्यायच्या आणि तेल जिरेपर्यंत चोळायच्या.

ओळीनं वाचायचा फायदा असा, की लेखकाच्या खोडी कळतात. शरदचंद्रांचं पिशाच लसणाला भीत नाही, उन्हाला भीत नाही. फक्त बोलावल्याशिवाय कुणाचा उंबरा ओलांडत नाही. आणि ते राहतं ते घरही प्रत्येक पुस्तकात एकच. दगडी जोतं, मागे ओढा, पडवीला तीन कमानी आणि मधल्या कमानीत झोपाळा. साधना हे सगळं रंगवून सांगत होती आणि धोंडाबाईंचा तेलाचा हात थांबला.

"ह्ये तर रिह्यातलं घर," त्या म्हणाल्या. "त्यो लिव्हणारा म्हातारा हाय की तितं."

साधना नाचायचीच बाकी राहिली. जन्मभर वाचलेला माणूस डोंगरापलीकडच्या रिहे गावात राहतो आणि आपल्याला पत्ता नाही! बारसं तोंडावर आलं होतं. त्यांना बोलवायचंच.

"बोलवा," धोंडाबाई म्हणाल्या. "पन नाव घिऊन बोलवा. त्या घराला चूलबंद सांगू नगा."

चूलबंद म्हणजे घरातल्या एकूण एक माणसाला आवतण. त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायचीच नाही. लातूरकडे मानाच्या घराला असंच सांगतात. इथं का नाही सांगत, असं साधनानं विचारलं. आमी न्हाई सांगत, एवढंच बोलून धोंडाबाईंनी बाळाला पालथं घातलं. जेवणाची पानं मोजतात झालं, साधना मनात म्हणाली.

दुपारी बाळाला धोंडाबाईंपाशी ठेवून ती निघाली; त्यांच्या मुलानं, कैलासनं, तिला रिक्षानं नेलं. भातं कधीच निघाली होती, खाचरांत नुसती धसकटं उरली होती. कैलासनं रिक्षा अलीकडच्या वळणावरच थांबवली. फाटकापर्यंत रस्ता चांगला होता, तरी तो पुढे जाईना.

घर पुस्तकातल्यासारखं नव्हतं. ते पुस्तकातलंच होतं. साधनाच्या अंगावर आनंदानं काटा आला.

शरदचंद्र किडकिडीत, अगदी वाळून गेलेले, पण बोलणं मोठं आर्जवी. त्यांनी स्वतः चहा केला. तीन कप आणले. एक तिला, एक स्वतःला आणि एक रिकाम्या झोपाळ्यावर ठेवला. तिनं बघितलं तसे ते म्हणाले, सवय आहे. मग बोलण्यात तास गेला. शेवटची कादंबरी अर्धवट का सोडली, असं तिनं हट्टानं विचारलं. त्याला शेवट मिळाला नाही, असं ते म्हणाले.

ती उठली तेव्हा झोपाळ्यावरचा कप रिकामा होता.

म्हणजे घरात कुणीतरी आहे. कामाची बाई असेल, नाहीतर आजारी भाऊ. आणि आपण एकट्या म्हाताऱ्याला सांगून दुसऱ्याला उपाशी ठेवायचं? धोंडाबाईंची पद्धत त्यांना लखलाभ. तिनं उंबऱ्यावर कुंकवाच्या अक्षता ठेवल्या.

"चूलबंद आहे हं. घरात असतील त्या सगळ्यांनी यायचं."

शरदचंद्रांचा चेहरा उतरला. "मला एकट्याला म्हणा, बाई."

"छे, असं कसं?"

त्यांनी अक्षता उचलल्या. मग झोपाळ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ऐकलंस?"

बारशाला माडी माणसांनी भरली. शरदचंद्र आले, एकटेच आले. साधना थोडी हिरमुसली, तरी त्यांचं पान तिनं स्वतः मांडलं. मग बायका पाळण्याभोवती जमल्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळ एकीनं पाळण्याखालून द्यायचं, पलीकडचीनं ते वरून परत करायचं. अलीकडे धोंडाबाई वाकल्या. पलीकडे आत्याचा मान, म्हणून शेखरच्या बहिणीची, स्नेहलची, जागा होती.

धोंडाबाईंनी बाळ खालून दिलं. पलीकडून हातांनी ते घेतलं. वरून परत आलं.

पुन्हा दिलं. पुन्हा घेतलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून घुगऱ्यांचं ताट घेऊन स्नेहल बाहेर आली. "माझ्याशिवायच सुरू केलं?" ती म्हणाली.

धोंडाबाई वाकलेल्याच होत्या. हात रिकामे होते.

बाळ पाळण्यात होतं. झबलं नीट सारखं केलेलं.

स्नेहलनं वाकून कानात 'अमोघ' म्हटलं. बाळानं तिच्याकडे पाहिलंच नाही. ते पाळण्याच्या पलीकडे बघत होतं आणि हसत होतं.

साधना घाबरली. पण गर्दीत कुणीतरी घेतलं असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. शरदचंद्र मात्र दोनदा श्रीखंड मागून जेवले. गालांवर रंग चढला होता. निघताना तिच्यापुढे हात जोडून म्हणाले, आता शेवट लिहीन. कैलास त्यांना सोडायला गेला आणि या वेळी त्यानं रिक्षा थेट फाटकाच्या आत नेली.

दुसऱ्या दिवसापासून धोंडाबाई तेल लावायला आल्या नाहीत. गुडघे दुखतात, असा खालूनच निरोप यायचा.

कैलासचं लग्न ठरलं तेव्हा मात्र त्या आल्या. सकाळची वेळ, शेखर ऑफिसला गेलेला. साधना चहा घेत बसली होती. त्या दाराबाहेरच उभ्या राहिल्या. आधी त्यांची नजर पाळण्याकडे गेली आणि मग टेबलावरच्या दोन कपांकडे.

"सवयीनं ओतला," साधना म्हणाली.

धोंडाबाईंनी उंबऱ्याच्या बाहेर अक्षता ठेवल्या. लग्नाचं आवतण द्यायचं होतं.

"शेखरराव," त्या एकेक नाव घेत म्हणाल्या. "साधनाताई."

आणि थांबल्या.

"आणि अमोघ?"

धोंडाबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पदर तोंडाशी धरून त्या जिना उतरायला लागल्या.

"त्यो आता एकटा न्हाई. नावं घेतली तेवढ्यांनीच या," त्या म्हणाल्या.