डाव्या हाताच्या खुणा

“बाबा, एवढी वर्षं पडक्या भिंतींत घालवलीत. कधी कोणी... भेटलं का?”

हा प्रश्न विचारायची पैज आम्हीच लावली होती. भिंगरीशी. वर्गात एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव! पुढचं सगळं तिनेच मला सांगितलं. थापा मारताना तिचे कान लाल होतात. या वेळी झाले नाहीत. म्हणून छातीठोकपणे लिहितेय, हे घडलंय.

आणि भूत म्हणजे रात्रच हवी असं नाही. रविवार होता. सकाळचे साडेनऊ.

तिचे बाबा दगडांचे डॉक्टर. जुन्या भिंतींचे दगड का झिजतात, ते शोधायचं आणि भिंत वाचवायची, हे त्यांचं काम. भिंगरीला वाटलं, ते खो खो हसतील.

हसले नाहीत.

“चल माझ्याबरोबर,” एवढंच म्हणाले.

“अहो, तिला कशाला?” आई दचकली.

“एकट्याने बघवत नाही आता.”

टेकडीवर एक मोडकी इमारत. छप्पर कधीच गेलेलं. उरली होती एकच उंच भिंत. तीस वर्षांपूर्वी तिच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या होत्या. भरणारे गवंडी म्हणजे भिंगरीचे आजोबा. कामावरच्या साहेबांनी सांगितलं, त्यांनी भरल्या. अगदी जीव ओतून.

तिथेच घात झाला.

दरजेत चुना असेल तर भिंतीची ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट तिचं तोंडच दाबतं. मग ओल दगडातून वाट काढते, तिच्यातला क्षार दगडात साचतो, फुगतो... आणि दगडाचा भुगा होतो. सिमेंट मात्र जसंच्या तसं.

बाबांनी शिकूनसवरून हे शोधलं आणि याच भिंतीसमोर आजोबांना सुनावलं, “तुम्ही मारलीत हिला.”

आजोबा तडक घरी आले. छिन्नी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. पुन्हा हातात धरली नाही. गेल्या वर्षी ते गेले.

“महिनाअखेर ही पाडणार,” बाबा म्हणाले. “कागदावर सही माझीच हवीये. सिमेंट हाताने खरवडून काढलं तर वाचेल. पण एवढ्या किचकट कामाला माणसं कुठे मिळतात?”

“मग हे कोणी केलं?”

कोपऱ्यातल्या दरजा स्वच्छ होत्या. एकाही दगडाची कड दुखावली नव्हती.

“रोज हातभर पुढे सरकतं,” बाबा हळूच म्हणाले. “वॉचमन म्हणतो, कोणी येत नाही.”

भिंगरीने आत बोट फिरवलं. बाबांच्या माणसांनी नमुन्याला एक दरज साफ केली होती, तिच्यातले छिन्नीचे घाव उजवीकडे कललेले.

हे घाव... डावीकडे.

“बाबा, आजोबा डावखुरे होते ना?”

बाबांनी तोंड फिरवलं.

टक्... टक्... टक्...

भिंतीच्या पलीकडून.

मग... फू. फू.

भिंगरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आजोबा दरजेतली धूळ दोनदाच फुंकायचे. “एक फुंकर भिंतीला, एक माझ्या मिशीला!” म्हणायचे.

ती धावतच वळसा घालून गेली.

कोणी नव्हतं.

नुसतं गवत. गवतावर सिमेंटची करडी भुकटी. थोडी अजून हवेत तरंगत होती...

आणि मग तिला दिसलं. तिच्या खांद्यापर्यंतच्या दरजा साफ होत्या. त्याच्या वर एकही नाही.

“बाबा... आजोबांचे गुडघे. त्यांना परांचीच्या बांबूंवर चढवत नव्हतं.”

बाबा भिंतीजवळ गेले. एवढा मोठा माणूस, भिंतीला कपाळ टेकवून म्हणाला, “बाबा, तुमची चूक नव्हती हो. तुम्हाला जे सांगितलं, ते तुम्ही केलंत. मीच नको ते बोललो. थांबा ना आता.”

आवाज थांबला.

भिंगरीने श्वास रोखला...

टक्... टक्... टक्...

पुन्हा सुरू. आधीपेक्षा हळू. दमल्यासारखा.

घरी आल्या आल्या बाबांनी आजोबांचं कपाट उघडायला लावलं. “वर्षभर कुलूपसुद्धा काढलं नाही मी,” आई म्हणत होती. बाबांनी फडकं सोडलं.

छिन्नीच्या टोकाला करडी भुकटी होती. ताजी.

भिंगरीने छिन्नी उचलली. लोखंड... कोमट होतं.

  मग तिने डोळे पुसले, छिन्नी घट्ट धरली.

“बाबा, त्या कागदावर सही करायची नाही. आई, सुट्टीतले क्लास रद्द. मी परांचीवर चढणार. आणि शाळा संपली की चुन्याचं गवंडीकामच शिकणार, डोकं फोडलंत तरी!”

“अगं, पण तू एकटी...”

“एकटी कुठे? खालचं आजोबा करतायत. वरचं माझं.”