सयाजीच्या नावाची खूण

कोल्हापूरच्या बसस्टँडवर चंदगडची गाडी आली. तिच्यातून एक तरुण आणि एक लहान मुलगी उतरली. दोघं हातांनी बोलत होती, हसत होती. तिथंच चहाच्या गाड्यापाशी उभी असलेली अवंतिका कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. तिनं हातांनीच विचारलं, कुठं जायचंय? त्यानंही हातांनीच उत्तर दिलं. त्याच्या खुणा घरच्या, डोंगराकडच्या. निम्म्या तिला कळेनात. तरी दोघं एकमेकांकडं बघून माना डोलवत राहिली...

चहावाल्यानं विचारलं, साखर किती? दोघं एकदमच म्हणाली, "कमी."

"आयला, तुमाला बोलता येतंय व्हय?"

"तुम्हालाही येतंय की."

तो सयाजी, घरची काजूची बाग बघायचा. मुलगी क्रांती, त्याची भाची. ती अवंतिकाच्याच वर्गात आली आणि शाळेच्या वसतिगृहात राहिली. दर शनिवारी मामा भेटायला यायचा, मागच्या बाकावर बसायचा. खिडकीतून गुऱ्हाळाचा गोड वास यायचा. क्रांतीची काजूची खूण वेगळी, हातकणंगल्याच्या मुलांची वेगळी. अवंतिका काजू हातावर ठेवायची, सगळ्यांच्या खुणा बघायची, मग फळ्यावर शब्द लिहायची. क्रांतीला शब्द आले. वाक्य काही जमेना.

त्या शाळेत प्रत्येकाला खुणेचं नाव असे. अवंतिका म्हणजे गालावरची खळी. सयाजी म्हणजे कानामागं फिरवलेलं बोट. माझे कान मोठे म्हणून असंल, असं तो म्हणायचा. तेवढे मोठे नव्हते. अवंतिकानं नीट पाहिले होते.

एका शनिवारी त्यानं सांगितलं, गोव्यात नोकरी मिळतेय, सोमवारी होकार कळवायचाय. तिकडून दर आठवड्याला येणं जमणार नाही.

"चांगलं झालं," ती म्हणाली आणि पुसलेलाच फळा पुसू लागली.

"थांबायला कारण तरी पायजे की, बाई." तो थोडा घुटमळला. "बरं, माझं नाव असं का, तेवढं तरी सांगा."

"मुलांनाच विचारा."

त्यानं क्रांतीला विचारलं. तिनं हात उचलले, खाली घेतले... आणि खडू घेतला. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

'मामा येतो. बाई केस कानामागे घेते.'

तिची पहिली पूर्ण वाक्यं. अवंतिकाचे डोळे भरून आले — आणि मग तिला कळलं, आपला हात आत्ताही कानापाशीच आहे.

सयाजीनं फळा वाचला. पुन्हा वाचला.

"खरं हाय?"

"वाक्य बरोबर आहे," ती हळूच म्हणाली.

"मग गोव्याला न्हाय म्हणून कळवू?"

तिनं त्याच्याकडं बघत कानामागं बोट फिरवलं. केस तर आधीच मागं होते.