पुसलेला अंगठा

माझ्या डाव्या हाताची चार बोटं वळतात आणि अंगठा ढिम्म! पाच वाजता शाळेची विनाचालक गाडी येणार, सहाला लेझीमची अंतिम फेरी. अंगठ्याशिवाय लेझीम धरू कशी?

माझा हा हात यांत्रिक आहे. बनवला नानांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी. मोठे शास्त्रज्ञ! दुपारी म्हणाले, "शाल्मली, अंगठ्याची पकड घट्ट करणारा नवा प्रोग्रॅम टाकतो." वर सगळ्या घराला दम, "भिंतीवरच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, प्रोग्रॅम पाठवणाऱ्या यंत्राची वीज त्यावर आहे!" आणि चहाला उठताना सवयीने बटण बंद कुणी केलं? नानांनीच! खोलीबाहेर जाताना बटण बंद करायचं, हा नियमही त्यांचाच. काय बोलायचं या माणसाला!

मी बटण पुन्हा लावलं. अंगठा तसाच.

"अहो नाना, जुना प्रोग्रॅम पुसला, नवा अर्धाच आला. आता नवा पाठवला तरी आत ऐकायला आहे कोण?"

"आहे ना! प्रत्येक बोटात सूक्ष्मनियंत्रक (चिमुकला संगणक) असतो. त्याच्या स्मृतीच्या मोठ्या भागात फर्मवेअर (बोट हलवणारा प्रोग्रॅम) आणि छोट्या भागात बूटलोडर (वीज येताच सर्वांत आधी जागा होणारा प्रोग्रॅम). बूटलोडर आपण पुसतच नाही. तो आधी बघतो, फर्मवेअर पूर्ण आहे का? नसेल तर ते चालू न करता नव्याची वाट बघत बसतो."

"मग पाठवा की! भाषण काय देताय?"

"पाठवतोय. बस (सगळ्या बोटांना जोडणारी सामाईक तार) एकच आहे..."

"म्हणजे बाकीची बोटंही बिघडणार?"

"नाही गं बाई! प्रत्येक निरोपावर पत्ता असतो. अंगठ्याचा निरोप इतर बोटं सोडून देतात."

फर्मवेअर तुकड्यातुकड्यांनी निघालं. प्रत्येक तुकड्यासोबत त्यातल्या आकड्यांची बेरीज. बेरीज जुळली की बूटलोडर तुकडा लिहून घ्यायचा आणि 'मिळालं' असं कळवायचा. एकशे बारावा तुकडा काही जुळेना. बूटलोडरने तोच पुन्हा मागितला. पावणेपाच झाले होते, आणि मला रडू यायला लागलं होतं.

नव्वद टक्के झाले आणि नाना उठले. "चहा गार झाला वाटतं..." हात थेट बटणाकडे!

"नाना!" मी किंचाळले आणि बटण तळहाताने झाकून उभी राहिले. नाना ओशाळून खाली बसले.

शेवटी सगळ्या फर्मवेअरची बेरीज जुळली. अंगठा टुणकन वळला. मी लेझीम धरली, घट्ट! बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

"पुढच्या महिन्यात मनगटाचा प्रोग्रॅम टाकू," नाना खुशीत म्हणाले. "मग बघ, हात कसा फिरतो!"

"टाका. पण चहा मी इथे आणून देईन. तुम्ही जागचं हलायचं नाही!"