पाहून आलेले सर

ही घटना खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खामगावला येऊन चौकशी करावी. फक्त स्वतः यावं, दुसऱ्याला पाठवू नये. असं का, ते पुढे येईलच.

तारीख सतरा मे, गेल्या वर्षीची. वार शनिवार. वेळ दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

भयकथेला रात्र लागते, मान्य. पण मे महिन्यात खामगावात रात्री अर्धं गाव गच्चीवर झोपलेलं असतं. घोरण्याच्या आवाजात भुताची काय डाळ शिजणार? आमच्याकडे खरा शुकशुकाट दुपारी असतो. रस्त्यावर कुत्रं नाही, झाडावर कावळा नाही, पानसुद्धा हलत नाही.

अशा वेळी शरच्चंद्र सर गच्चीवर गेले. सर म्हणजे आमच्या नात्यातले, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारे. प्रतिमाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, कुरडया पालटायला पाठवलं होतं. सरांनी चादरीवरची पहिली कुरडई उचलली, आणि...

फट् फट् फट् फट्...

हेलिकॉप्टर.

आवाज अगदी जवळून, डोक्यावरून येत होता. सरांनी वर पाहिलं.

आभाळ कोरं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. बुलडाणा जिल्ह्यात हेलिकॉप्टर येतं ते निवडणुकीला. ते आलं की म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं, दाढीला साबण लावलेला माणूस, सगळे धावत बाहेर येतात. नेता कोण, याच्याशी कुणाला घेणंदेणं नसतं.

त्या दुपारी एकही दार उघडलं नाही.

एकही पोरगं ओरडलं नाही.

म्हणजे तो आवाज फक्त सरांना ऐकू येत होता.

सरांच्या हातातली कुरडई चुरली. कारण हेलिकॉप्टर म्हटलं की त्यांना एकच नाव आठवायचं, आणि ते नाव न आठवण्याची त्यांनी तीन वर्षं पुष्कळ तालीम केली होती.

सबीहा.

सबीहा ही शकूरभाईंची मुलगी. शकूरभाई कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. पोरगी सरांची विद्यार्थिनी, हुशार, आणि एका बाबतीत हट्टी. शून्य काढलं की त्याच्या पोटात टिंब द्यायची. "नाही तं ते ओ वाटते सर," म्हणायची. सर त्यासाठी अर्धा मार्क कापायचे. ती टिंब देत राहिली, सर कापत राहिले.

बारावीनंतर तिनं जाहीर केलं की तिला हेलिकॉप्टर चालवायचं आहे. मोहल्ला आठवडाभर हसला. शकूरभाई हसले नाहीत. त्यांनी दोन शाळांची माहितीपत्रकं आणून सरांच्या टेबलावर ठेवली. एक शाळा लांब, दक्षिणेत. दुसरी रात्रभराच्या प्रवासावर.

आमच्याकडे पोरीला परगावी ठेवायचं तर आधी घरचं एक जाणतं माणूस जाऊन जागा पाहून येतं. स्थळ पाहतात तसंच. पाणी कसं, माणसं कशी, कुलूप आतून लागतं की बाहेरून. ते माणूस परत येऊन "पाहून आलो, चांगलं आहे" म्हणालं, की विषय संपला. पुढे वेबसाइट काहीही म्हणो.

"मले सीझनमधी हलता येत नाही सर," शकूरभाई म्हणाले. "पट्टा तुटला की सारी जिनिंग माझ्या नावानं बोंबलते. तुमी जा, जवळची पाहून या. तुमी हाव म्हनसान तं हाव. तुमी नाही म्हनसान तं पोरगी बी.एस्सी. करन."

फातिमाभाभींनी वाटेसाठी डबा दिला. सर डिसेंबरातल्या एका संध्याकाळी गाडीत बसले.

आणि भुसावळला उतरले.

भुसावळला त्यांचा कॉलेजचा मित्र राहतो. त्या दिवशी त्याच्या शेतावर भरीत होतं. काट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, कळण्याची भाकरी, वर तेलाची धार. सरांनी ठरवलं, सकाळच्या गाडीनं पुढे जाऊ. सकाळी पोट जड होतं. मग ठरवलं, दुपारच्या गाडीनं. दुपारी मॅच होती. एका पोरीचं भवितव्य एकीकडे आणि भरीत एकीकडे, असा तराजू कुणी समोर धरला असता तर सरांनी नक्कीच भवितव्याकडे बोट दाखवलं असतं. पण असा तराजू कुणी धरत नाही. समोर फक्त भरीत येतं.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या ओसरीत बसून सरांनी मोबाईलवर त्या शाळेचे सगळे फोटो पाहिले. हँगर पाहिला, वसतिगृह पाहिलं. मैदानातल्या खांबावर फडकणारी केशरी कापडाची नळीही पाहिली. मग ते परतीच्या गाडीत बसले.

"पाहून आलो," खामगावात उतरल्यावर ते म्हणाले. "उत्तम आहे."

जानेवारीत सबीहा गेली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"सर, एक इचारू? तुमी आलते तवा मैदानात विंडसॉक होता का? कपड्याची नळी असते पाहा, वारा कोनीकडून येऊन राह्यला ते दाखवते. इथं नुस्ता खांब हाय."

सरांना फोटो आठवला.

"होता की. केशरी. चांगला मोठा."



"मंग धुवायले काढला असन," सबीहा म्हणाली. "ठीक हाय सर. तुमी पाह्यला म्हनता तं असनच."

एप्रिलात, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, सबीहाचं हेलिकॉप्टर उतरता उतरता कोसळलं. पेपरात कारण आलं होतं. वारा पाठीमागून होता. समोरून आहे असं समजून ती उतरली.

सरांनी ती बातमी दोनदा वाचली. मग तो पेपर घडी करून रद्दीत ठेवला. अगदी तळाशी.

मयताला सर गेले होते. शकूरभाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तुमी सोता पाहून आलते सर, म्हून तेवढी तसल्ली तरी हाय. जागा खराब नव्हती. नशीबच खराब."

सरांनी मान डोलावली.

तर ती सतरा मेची दुपार. आवाज अचानक थांबला. सरांनी घाम पुसला, आणि त्यांची नजर कपड्यांच्या दोरीवर गेली.

दोरीवर सगळे कपडे निमूट लटकले होते. टॉवेल, काकूंची साडी, परकर.

फक्त सरांचा पायजमा...

त्याचा एक पाय फुगत होता.

हळूहळू. जणू कुणी आतून फुंकर घालत होतं. फुगत फुगत तो आडवा झाला आणि हवेत ताठ राहिला. शेजारचा टॉवेल हललासुद्धा नाही.

जगात भुतांना वाडे आहेत, विहिरी आहेत, पिंपळ आहेत. आपल्या वाट्याला पायजमा यावा, याचं सरांना त्याही क्षणी वाईट वाटलं.

ते डावीकडे सरकले. पाय वळला.

ते उजवीकडे सरकले. पाय पुन्हा वळला.

सर फिजिक्सचे. त्यांना ते कळायला वेळ लागला नाही. ते कुठंही उभे राहिले तरी ती नळी एकच गोष्ट दाखवत होती.

वारा पाठीमागून आहे.

तेव्हा त्यांच्या मानेला झुळूक लागली. गार...

खामगावात. मे महिन्यात. भर दुपारी.

सर कुरडया तशाच टाकून खाली आले. हॉलमध्ये त्यांची मुलगी स्वरदा लॅपटॉप घेऊन बसली होती. बारावीचा निकाल लागला होता.

"बाबा, फायनल केलं," ती म्हणाली. "हेलिकॉप्टरच. हसू नका. सबीहादीदी बोलायची तेव्हापासून ठरलंय. दोन शाळा आहेत. एक साउथला, लांब. दुसरी जवळ आहे, नवीनच निघाली आहे."

तिनं स्क्रीन फिरवली.

नाव नवीन होतं. रंग नवीन होता. पण गाव तेच. आणि मैदानातल्या खांबावर केशरी नळी फडकत होती. तोच फोटो.

"ही नको," सर म्हणाले.

"काऊन?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "तिकडचा भाग तर तुमी पाहून आलेले आहात. चांगला म्हनत होते. सबीहाचं तं नशीब खराब होतं, जागा नाही."

"तिकडं... ऊन फार आहे."

"आणि खामगावात काय बर्फ पडून राह्यला?"

"पाणी जड आहे."

"बाबा, पाण्यावर शाळा ठरवायची?" स्वरदा म्हणाली. "खरं कारण सांगा ना."

खरं कारण सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तीन शब्दांचं. मी गेलोच नव्हतो. पण गेली तीन वर्षं सर या गावात 'पाहून आलेले सर' म्हणून ओळखले जात होते. लोक पोरांच्या शाळा सोडाच, बोअरची जागासुद्धा त्यांना विचारून ठरवत.

"आपण जाऊन पाहू," स्वरदाच म्हणाली. "तुम्ही आणि मी."

बाप-लेक निघाले. रात्री गाडी भुसावळला थांबली. स्वरदानं खिडकीतून पाहिलं आणि सहज म्हणाली, "बाबा, इथं भरीत मस्त मिळतं ना?"

सरांनी तिला सगळं सांगितलं.

गाडी सुटली. मग ती उशी उचलून वरच्या बर्थवर गेली. सकाळपर्यंत तिनं बापाकडे पाहिलं नाही. नंतर सर म्हणाले, त्या पायजम्याला एवढे घाबरलो नव्हतो.

शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा वॉचमनच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. येणाऱ्यानं नाव लिहून आत जायचं. सरांनी पेन उचललं आणि...

त्यांचं नाव आधीच लिहिलेलं होतं.

त्याच दिवसाची तारीख. नाव, शरच्चंद्र सर. कुठून, खामगाव. कशासाठी, पाहायला.

आत गेल्याची वेळ 12:10.

सरांनी घड्याळ पाहिलं.

बारा वाजून दहा.

शाई ओली होती. आणि शून्याच्या पोटात टिंब होतं.

"हे तुम्ही लिहिलं?" स्वरदानं विचारलं.  सरांनी मान हलवली. नाही.

वॉचमन बादली घेऊन आला. "आप ही ने लिखा होगा साहब. मैं तो पानी भरने गया था. सुबह से कोई आया ही नहीं."

आत मैदान होतं. हँगर होता. मधोमध एक खांब, वर गंजलेली कडी.

नुसती कडी.

स्वरदानं तिथल्या शिक्षकाला विचारलं, "विंडसॉक कुठाय?"

तो हसून म्हणाला, "धुलने गया है."

 सर तिथंच, त्या मातीत बसले. स्वरदानं त्यांना दंडाला धरून उठवलं. "चला बाबा," एवढंच ती म्हणाली.

बाहेर पडताना वॉचमननं हाक मारली, "साहब, बाहर का टाइम लिख दो." सरांनी पेन कागदावर टेकवलं. उमटलं नाही. झटकलं, तळव्यावर ओढून पाहिलं. तळव्यावर निळी रेघ उठली. त्या रकान्यात मात्र काहीच उमटेना.

'बाहेर' कोराच राहिला.

स्वरदा दक्षिणेतल्या शाळेत जायला निघाली. तीही तिनं आधी पाहिली. स्वतः, आईला घेऊन. विंडसॉकचा फोटो काढून सरांना पाठवला. खाली एक शब्दही लिहिला नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर, तिनं बापाला विचारलं. महिनाभरात हे पहिलंच सरळ बोलणं.

"शकूरचाचांना सांगितलं?"

"आज जातो."

"आत्ता जा. मी वाट पाहते."

सरांनी चपला घातल्या. ते चौकापर्यंत गेले. समोर रसवंतीच्या बाकड्यावर शकूरभाई बसले होते. त्यांनी सरांना पाहून दुरूनच सलाम केला, उठून उभे राहिले आणि बाजूची जागा हातानं पुसली.

सर वळले. मारुतीच्या देवळामागं अर्धा तास उभे राहिले. मग घरी आले.

"सांगून आलात?" स्वरदानं विचारलं.

"आलो," सर म्हणाले.

स्वरदानं महिनाभरात पहिल्यांदा त्यांचा हात हातात घेतला.

आणि गच्चीवरून...

फट् फट् फट् फट्...

हे सगळं सरांनी आम्हाला गेल्या दिवाळीत सांगितलं. आम्ही तिघं होतो. ऐकून झाल्यावर एकानं विचारलं, "आणि शकूरभाईंना?" सर खिडकीबाहेर पाहत बसले.

आता ही गोष्ट आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. शकूरभाई रोज चौकात भेटतात. सलाम करतात. सरांची तब्येत विचारतात. म्हणतात, "लय मोठा मानूस. माझ्या पोरीसाठी एवढ्या दूर जाऊन आलता."

आम्ही हो म्हणतो.

काल दुपारी वारा अजिबात नव्हता. दोरीवर माझा सदरा वाळत होता...

त्याची एक बाही हलल्यासारखी वाटली.